घरची तपासणी आणि गावाचा विश्वास



गणेशोत्सव जवळ आला की पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील मूर्तींच्या कारखान्यांत रात्रीचा दिवस होतो. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारालाही कामाचा दिवस बुडवणे परवडत नाही. केवळ रक्तातील साखर पाहण्यासाठी रुग्णालय गाठायचे, तर दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. म्हणूनच घरच्या घरी होणाऱ्या तपासणीचे मोल अशा कुटुंबांना अधिक आहे.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. थर्मामीटर घराघरांत केव्हाच रुळला. आशा स्वयंसेविकेकडील ‘निश्चय’ संचामुळे गर्भधारणेची तपासणी घराच्या खाजगीपणात काही मिनिटांत होते. पहिल्या बारा आठवड्यांत गरोदरपणाची नोंद झाली, तर रक्तक्षयासारखे दोष वेळीच ध्यानात येतात. या तपासणीला बळ मिळते ते तिच्यामागे गावातील एक ओळखीची, पुढची वाट दाखविणारी व्यक्ती उभी असते म्हणून.

तशी व्यक्ती नसली म्हणजे काय होते, हे कोरोनाकाळात दिसले. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती तपासणी संचाला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मान्यता दिली. किंमत अडीचशे रुपये, निष्कर्ष पंधरा मिनिटांत. लक्षणे असूनही निष्कर्ष नकारात्मक आल्यास आरटीपीसीआर तपासणी करावी, असे परिषदेने बजावले होते. परंतु अनेकांनी निष्कर्ष कोणालाच कळविला नाही. अखेर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेला विक्रेत्यांकडून खरेदीदारांच्या नोंदी मागवाव्या लागल्या. संच लोकांनी स्वीकारला. त्यासोबत येणारी जबाबदारी मात्र पुरती स्वीकारली गेली नाही.

मधुमेह व रक्तदाब यांबाबतही हेच ध्यानी घ्यावयास हवे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक दिसली, तर तो इशारा समजावा. निदान प्रयोगशाळेतील तपासणीनंतर डॉक्टरांनीच करावयाचे असते. रक्तदाब पाहण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी तो वारंवार १३५/८५ च्या वर राहिल्यास सल्ला घ्यावा. एखादा आकडा चांगला आला म्हणून गोळ्या बंद करणे घातक ठरते.

येथे शिक्षक व पंचायत सदस्यांचे कर्तव्य सुरू होते. डोंगराकडील कातकरी व ठाकूर वाड्यांत यंत्रावरील आकडा वाचून त्याचा अर्थ सांगणारे माणूस हवे. शाळेतील मुलांना ते शिकविता येईल. आकडे वहीत तारखेसह लिहून ती वही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविण्याची सवय लावता येईल. मात्र कोणाचाही निष्कर्ष चावडीवरील चर्चेचा विषय होता कामा नये. एकाची वाच्यता झाली, तर दहा जण तपासणीच टाळतील आणि आजार घरातच वाढत राहील.

यंत्र बाजारात विकत मिळते. विश्वास मात्र गावालाच निर्माण करावा लागतो.