रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे

आजारपण कोणालाही चुकलेले नाही. परंतु आजारपणापायी घर धुळीस मिळणे ही काही अटळ गोष्ट नव्हे. पहिली आपत्ती निसर्ग आणतो, दुसरी समाजाच्या अनास्थेमुळे येते. शेतकऱ्याच्या घरात हृदयविकार किंवा कर्करोग शिरला, म्हणजे आधी बायकोच्या अंगावरचे दागिने जातात, मग बैलजोडी, मग जमीन. आणि पुष्कळदा या साऱ्यांच्या पाठोपाठ रोगीही जातो. आरोग्यसेवा सर्वांना सारखी व विनामूल्य मिळावी काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ अर्थशास्त्र्यांनी सोडवावयाचा नाही. त्याचे एक बोलके उत्तर हुबळी-धारवाडच्या परिसराने दिलेले आहे.

हा परिसर या विचाराला नवखा नाही. 1898 साली हुबळीत प्लेगने थैमान घातले, तेव्हा हाफकिन यांनी आदल्या वर्षी मुंबईत सिद्ध केलेली लस येथील हजारो लोकांना टोचण्यात आली. चार धनिकांना लस टोचून शहर वाचत नाही. वाचवावयाचे तर सर्वांनाच वाचवावे लागते, हा धडा साथीने दिला. पुढे 1957 साली हुबळीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ‘किम्स’ या नावाने प्रसिद्धीस आलेले त्याचे रुग्णालय धारवाडबरोबरच हावेरी, गदग, कारवारकडील रुग्णांचाही आधार बनले. तथापि हृदयावरील शस्त्रक्रियेसारखे भारी खर्चाचे उपचार गरिबाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

2010 साली कर्नाटक सरकारने ‘वाजपेयी आरोग्यश्री’ ही योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, भाजणे, गंभीर अपघात अशा प्रसंगी मोठ्या रुग्णालयांत विनामूल्य उपचार मिळावेत, हा तिचा हेतू होता. कुटुंबाला वर्गणी भरावयाची नव्हती. कुटुंबामागे दीड लाख रुपयांपर्यंतचा, आणि गरज पडल्यास आणखी पन्नास हजारांचा, भार सरकार उचलणार होते. योजना प्रथम राज्याच्या उत्तरेकडील गुलबर्गा व बेळगाव या विभागांत लागू झाली. त्यामुळे धारवाड आणि 1997 पर्यंत धारवाड जिल्ह्यातच मोडणारा हावेरी हे तिच्या कक्षेत आले. हावेरीला लागून असलेले दावणगेरे व शिमोगा मात्र काही काळ बाहेर राहिले. सीमेवरच्या खेड्यांत जमीन तीच, पाऊस तोच, भाषाही तीच. फरक एवढाच, की एका गावच्या गरिबाला सरकारचे पाठबळ होते आणि शेजारच्या गावच्या गरिबाला नव्हते.

ही स्थिती संशोधकांच्या नजरेतून सुटली नाही. 2012 साली या विभाजनरेषेच्या दोन्ही बाजूंच्या 572 खेड्यांतील एकतीस हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी करण्यात आली, आणि 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण रेषेपलीकडच्या गरीब कुटुंबांत 0.90 टक्के आढळले. रेषेच्या अलीकडे ते 0.32 टक्के होते. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश! रुग्णालयातील उपचारांसाठी पदरमोड करून होणारा खर्चही सुमारे एकतृतीयांशाने घटलेला दिसला. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या, अर्थात योजनेत न बसणाऱ्या, कुटुंबांच्या मृत्यूप्रमाणात मात्र दोन्ही बाजूंना असा फरक आढळला नाही.

असे का व्हावे? कारण साधे आहे. पैशाची धास्ती असली, म्हणजे माणूस छातीतली कळ अंगावर काढतो, आणि नाइलाज झाल्यावर दवाखान्याची पायरी चढतो. धास्ती गेली, म्हणजे तो वेळेवर येतो. शिवाय या योजनेत खेडोपाडी शिबिरे भरवून रुग्ण हुडकून काढण्याची व त्यांना रुग्णालयापर्यंत पोचविण्याची सोय होती. उपचार दाराशी आला, की रोगाला वाढावयास सवड मिळत नाही.

परंतु एक रेषा पुसली तरी दुसऱ्या उरतातच. मधुमेह, क्षय, बाळंतपण यांसारख्या नित्याच्या गरजा त्या योजनेच्या मुख्य कक्षेत नव्हत्या. 2018 साली ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ ही व्यापक योजना आली. तिने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण दिले. रेषेवरील कुटुंबाचा मात्र ठरलेल्या खर्चाचा 30 टक्केच भाग उचलला. रेषेच्या जेमतेम वर असलेला शिंपी किंवा लहान दुकानदार एका शस्त्रक्रियेने रेषेखाली येऊ शकतो, हे येथे विसरून चालणार नाही.

रेषाच नसलेली व्यवस्था पाहावयाची असेल तर श्रीलंकेकडे पाहावे. दोन कोटींच्या थोडी पुढे लोकसंख्या असलेला तो लहानसा देश. 1934-35 च्या मलेरियाच्या साथीत तेथे सुमारे 80 हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर तेथे ग्रामीण रुग्णालयांचे जाळे विणले गेले, गावोगाव शिकलेल्या सरकारी सुइणी नेमल्या गेल्या, आणि 1951 साली सरकारी दवाखान्यांतील शुल्कही रद्द झाले. देश श्रीमंत होण्याची वाट कोणी पाहिली नाही. एके काळी लाख जन्मांमागे हजारावर माता दगावत. हे प्रमाण पुढे चाळिसाच्या आसपास उतरले. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले.

मोफत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे, हे खरे. कर सर्वांनाच भरावा लागतो, रांगेत तिष्ठावे लागते. आणि 2022 च्या आर्थिक अरिष्टात श्रीलंकेतील रुग्णालयांतही औषधांचा तुटवडा पडला. परंतु सर्वांनी निरोगी असताना थोडे थोडे द्यावे, की एकट्याने आजारी पडल्यावर सर्वस्व द्यावे, एवढीच निवड समाजापुढे असते. हावेरीच्या सीमेवरचा गरीब आणि पलीकडचा गरीब यांच्या आयुष्यमर्यादा विधात्याने वेगळ्या आखल्या नव्हत्या. ती रेषा माणसांनी ओढली होती; माणसांनाच ती पुसता येते.