बाबांचा काढा

आज बोलायचंय ॲपल सायडर व्हिनेगरबद्दल. इथल्या दुकानात आप्फेलएसिग म्हणून मिळतं, तेच.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे सांगलीहून आमच्याकडे, ट्युबिंगेनजवळच्या गावी आले. वय 72, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. थोड्या दिवसांनी सकाळी ओट्याशी खुडबूड सुरू झाली. लिंबू, आलं, लसूण यांचा रस आणि हे व्हिनेगर, सगळं वाटी वाटी. उकळून आटवायचं, गार झाल्यावर मध घालायचा, उपाशीपोटी तीन चमचे. 'ब्लॉकेज विरघळतं' असा तो निरोप तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल.

आम्ही म्हटलं, घेऊ देत की. शेजारच्या आजी तर खूश झाल्या. त्यांचंही असंच घरगुती औषध आहे: लसणाच्या तीस पाकळ्या, पाच लिंबं सालासकट, एक लिटर पाणी, रोज एक छोटा पेला. रक्तवाहिन्या साफ होतात म्हणे! एकमेकांची भाषा येत नसताना दोघांचं छान जमलं. आमच्या श्वाबेन भागात सफरचंदांना तोटा नाही. हिवाळ्याआधी रस काढतात, तो आंबवून मोस्ट करतात, आणि ते उघडं राहिलं की त्याचं व्हिनेगर होतं. त्यावर जी साय धरते, तिला जर्मनमध्ये 'व्हिनेगरची आई' म्हणतात. आपल्या विरजणासारखी ती पुढच्या बाटलीला लावायची.

मग एकदा कपाट आवरताना बाबांच्या गोळ्या हाती लागल्या. त्यांनी दोन महिन्यांपुरत्या आणल्या होत्या आणि मुक्काम महिनाभराने वाढला होता. हिशेबाने दोन-तीन उरायला हव्या होत्या, निघाल्या वीस. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "दिवसाआड घेतो. पुरवायच्या आहेत ना. मधल्या दिवशी काढा आहेच. इथला डॉक्टर म्हणजे तुम्हाला उगाच खर्च."

माझ्या पोटात गोळाच आला. बाबांचा व्हिनेगरवर फार विश्वास होता असंही नव्हे. त्यांना मुलाच्या खिशाची भीड पडली होती.

आता व्हिनेगरचं खरं काय ते सांगते. त्याने साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरतं असं काही लहान अभ्यासांत दिसलं आहे. हार्ट अटॅक टळतो असं मात्र कोणी दाखवलेलं नाही. वजन घटण्याबद्दल लेबनॉनमधला एक अभ्यास 2024 साली खूप गाजला. 2025 मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. आणि ब्लॉकेज म्हणजे नळातला क्षार नव्हे, की आंबट ओतलं आणि सुटला. ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साठतं. शिवाय शरीर रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 एवढ्यातच राखतं, तुम्ही काहीही प्या.

उलट बाजूही आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर रोज भरपूर लसूण घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि व्हिनेगर जास्त झालं, तर पोटॅशियम उतरू शकतं. निव्वळ व्हिनेगर दातांनाही वाईट. पण यापेक्षा मोठा धोका चुकलेल्या गोळीचा. स्टेंट असलेल्या माणसाने रक्ताची गोळी मनाने कमी केली, तर गुठळीची भीती वाढते.

दुसऱ्याच दिवशी बाबांना आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. व्हिसासाठी काढलेला 30,000 युरोंचा विमा अचानक आलेल्या दुखण्यासाठी असतो. नेहमीच्या गोळ्यांचे पैसे त्यातून सहसा मिळत नाहीत. म्हणून प्रिस्क्रिप्शन स्वखर्चाने घेतलं. खर्च आमच्या धास्तीपेक्षा पुष्कळ कमी निघाला. अडलं ते नावांवर. भारतातली ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत. सांगलीच्या डॉक्टरांकडून ॲटोरव्हास्टॅटिन, क्लोपिडोग्रेल अशी मूळ नावं आणि मात्रा मागवली, तेव्हा काम झालं. आईवडील यायचे असतील तर हा कागद आधीच करून घ्या. तीन महिन्यांच्या गोळ्या त्यांच्याच बॅगेत भरा. मागाहून पोस्टाने मागवणं इथल्या कायद्यात बसत नाही. आणि छातीत दाब, घाम, हात जड वाटला, तर काढा शोधू नका, 112 फिरवा.

व्हिनेगर आमच्या घरात अजून आहे, काकडीच्या कोशिंबिरीत. बाबा निघाले तेव्हा आजींनी त्यांना 'आई' घातलेली एक बाटली दिली. टॉवेलात गुंडाळून, मोठ्या बॅगेत, ती सांगलीला सुखरूप पोचली.