एकट्याचा हिशेब आणि गावाची पऱ्हाटी



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेत फार झाले. तेथे एक पेच पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर आहे. संप यशस्वी झाला तर पगारवाढ सर्वांनाच मिळते. संपात न उतरलेल्यालाही. मग आपणच झळ का सोसावी? सर्वांनीच असा हिशेब केला, की संप फसतो. 1950 साली अमेरिकेतील गणितज्ञांनी या पेचाला आकड्यांचे रूप दिले. 'कैद्यांचा पेच' म्हणून तो प्रसिद्ध आहे.

आपल्या यवतमाळात तो पऱ्हाटीत दिसतो. 2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या वाणाचे 120 ग्रॅम बियाणे येई. ते कडेने लावले, तर त्यावर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी मिसळतात आणि त्यांची प्रजा बीटीला बळी पडते. पण शेतकरी म्हणाला, शेजाऱ्यांनी लावले तर माझ्या ओळींवाचून अडत नाही. त्यांनी लावले नाही तर माझ्या एकट्याच्या ओळींनी भागत नाही. तो अडाणी नव्हता. त्याचा हिशेब बिनचूक होता. फरदडीचेही तेच. उशिराचा एखाददुसरा वेचा माझा, त्यावर पोसलेली अळी मात्र साऱ्या गावाची! अखेर 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील बोंडे पोखरली.

यावर उपाय नाही, असे मात्र नाही. 2018 साली अमेरिकेने आपल्या कापूसक्षेत्रातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तेथे शेतकरी आणि सरकार वर्षानुवर्षे एकजुटीने झटले होते. 2009 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखविले, की कुरणे, कालवे लोक स्वतः सांभाळू शकतात. नियम मात्र त्यांचे असावेत आणि पाळतात की नाही हे एकमेकांना दिसावे.

ग्रामसभेने पऱ्हाटी उपटण्याची एक तारीख ठरवावी. उभे पीक झाकून ठेवता येत नाही. कोणी शब्द पाळला, हे बांधावरूनच कळते. पण ज्याची चूल त्या शेवटच्या वेच्यावर पेटते, त्याला नुसता उपदेश करू नये. संपाआधी आम्ही फंड उभारतो, तो अशांसाठीच.

येथे बसलेल्या ज्यांची शेती बटईने वा मक्त्याने दिलेली आहे, त्यांना आमची विनंती आहे: फरदड सोडल्याचा तोटा निम्मा आमचा, असे कसणाऱ्याला यंदा आपण होऊन सांगा. पहिला शब्द ज्याला झेपतो त्यानेच द्यावा. मग दुसरा मागता येतो.