एम-थ्रीचं इंटिग्रल आणि खोडदची दुर्बीण

आजचा भाग खास करून जुन्नर-आंबेगावातून पुण्याला इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला गेलेल्या मुलामुलींसाठी आहे. बाकीच्यांनीही ऐका. गणिताची भीती असली तरी चालेल, मी सूत्र एकही वाचून दाखवणार नाहीये.

मला सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे, "दादा, एम-थ्री कसा काढायचा?" काढायचा म्हणजे शिकायचा नव्हे, पास व्हायचा. सेकंड इयरचं हे गणित. त्यात फूरियर ट्रान्सफॉर्म नावाचं एक इंटिग्रल येतं, वजा अनंतापासून अधिक अनंतापर्यंतचं. आमच्या वर्गात ते फळ्यावर लिहिलं गेलं, तीन उदाहरणं सुटली आणि "हे आठ मार्कांना येतं" असं सांगून पुढचा टॉपिक सुरू झाला. हे कशाला करायचं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

गंमत अशी की त्या इंटिग्रलचं देशातलं एक मोठं कामाचं ठिकाण आपल्याच गावाकडे आहे. नारायणगावच्या पूर्वेला, खोडदला. जीएमआरटी. आपण लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून त्या तबकड्या पाहतो. शाळेची सहल जाते, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या १६ तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. सगळ्यात लांबच्या दोघींमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभी केली. तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. त्यामुळे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला.

आता मुद्द्याचं. यातली एकही तबकडी आकाशाचा फोटो काढत नाही. मग चित्र येतं कुठून? इथे फूरियर येतो.

नारायणगावचं उदाहरण घेऊ, तमाशाचं. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, सगळं एकदम वाजतंय. तुमच्या कानावर येते ती एकच लाट, सगळ्या आवाजांची मिळून झालेली. तरी तुम्ही तुणतुणं वेगळं ओळखता. फूरियरचं इंटिग्रल हेच गणिताने करतं. एका ठरावीक कंपनाची शुद्ध लाट घ्या, आलेल्या सिग्नलशी क्षणाक्षणाला तिचा गुणाकार करा आणि सगळ्याची बेरीज घ्या. ते कंपन सिग्नलमध्ये असेल तर बेरीज वाढत जाते. नसेल तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात जवळपास शून्य उरतं. गुणाकार करा आणि बेरीज घ्या, एवढंच. जोसेफ फूरियरने हे १८२२ च्या पुस्तकात मांडलं ते उष्णता कशी पसरते हे समजून घेताना.

खोडदला दोन-दोन तबकड्यांचे सिग्नल असेच एकमेकांशी गुणले जातात आणि त्यांची सरासरी घेतली जाते. प्रत्येक जोडीतून आकाशाच्या चित्राचा एक फूरियर घटक मिळतो. जवळची जोडी मोठे, पसरट आकार सांगते, लांबची जोडी बारीक तपशील. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. पृथ्वी फिरते तसं आकाशातून दिसणारं जोड्यांमधलं अंतर बदलतं, म्हणून आठ-दहा तासांत तीच जोडी नवे-नवे घटक मोजते. शेवटी उलटा फूरियर ट्रान्सफॉर्म घ्यायचा, की चित्र तयार. २५ किलोमीटर रुंद तबकडी कोणी बांधू शकत नाही, पण तेवढा बारकावा हे इंटिग्रल मिळवून देतं. आणि हे संगणकावर वेळेत होतं याला कारण १९६५ चा कूली आणि टुकी यांचा एफएफटी अल्गोरिदम. १,०२४ नमुन्यांसाठी साध्या पद्धतीने दहा लाखांवर गुणाकार लागतात, एफएफटीने साधारण दहा हजारांत काम होतं.

मला हे वर्गात कळलं नाही. त्याच सेमिस्टरला एका सिनियरबरोबर मी पुण्यात काही रिसर्च सेमिनारना जाऊन बसायचो. पहिल्या दोन-तीन वेळा अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेलं. पण एकदा पडद्यावर रेडिओ आकाशाचं चित्र होतं, तेजस्वी ठिपका आणि भोवती फिकट कडी. मागून कोणीतरी विचारलं, "ही कडी आकाशात आहे की तुमच्या दुर्बिणीत?" पुढची वीस मिनिटं त्या एका प्रश्नावर गेली.

वर्ग आणि सेमिनार यांतला फरक मला तिथे समजला. फळ्यावरच्या इंटिग्रलमध्ये फंक्शन संपूर्ण दिलेलं असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उत्तर एकच येतं, ते पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. खोडदला मात्र मोजमापांमध्ये भोकं असतात. ४३५ जोड्या आणि पृथ्वीचं फिरणं धरूनही सगळे घटक मिळत नाहीत. आणि मोजलेल्या आकड्यांशी जुळणारी आकाशं एकाहून जास्त असू शकतात! मग कुठलं खरं मानायचं आणि का?

१९७४ मध्ये होगबोम यांनी यावर क्लीन नावाची पद्धत दिली. चित्रातला सगळ्यात तेजस्वी ठिपका शोधा. एका ठिपक्यामुळे दुर्बीण चित्रात जी नक्षी उमटवते तिचा थोडा अंश तिथून वजा करा. पुन्हा शोधा, पुन्हा वजा करा, नुसता गोंगाट उरेपर्यंत. कोड लिहिणाऱ्याला हा साधा लूप आहे. पण आकाश म्हणजे मोजक्या ठिपक्यांची बेरीज, असं त्यात गृहीत धरलंय. पसरट, धुरकट गोष्टींना ते नीट बसत नाही, म्हणून पुढे सुधारित पद्धती आल्या. प्रश्न अजून चालू आहे.

मी संशोधक झालो नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण डेटा अपुरा असताना आपण काय गृहीत धरतोय हे आधी कागदावर लिहायची सवय मला त्या सेमिस्टरने लावली. रोजच्या कामात तिचा उपयोग होतो.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे आपल्याकडची हुशार पोरं थर्ड इयरला येईपर्यंत ठरवून टाकतात, की रिसर्च आपल्यासाठी नाही, ते शहरातल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम. दुर्बीण आपल्या शिवारात आणि तिच्या गणितापासून आपण मात्र लांब, हे मला खटकतं. कडीबद्दलचा तो प्रश्न विचारायला फार इंग्रजी लागत नाही. चित्राकडे नीट बघावं लागतं आणि तोंड उघडावं लागतं.

तर एम-थ्री काढाच, मार्क लागतातच. पण एक करा. फूरियरचं कुठलंही उदाहरण सोडवल्यावर अर्धे नमुने खोडून टाका आणि उरलेल्यांतून मूळ फंक्शन परत मिळतं का बघा. पायथनमध्ये वीस ओळींचं काम आहे. चित्र बिघडेल, आणि कुठे व का बिघडलं हा तुमचा पहिला सेमिनारचा प्रश्न असेल. शिवाय टीआयएफआरचा व्हिजिटिंग स्टुडंट्स रिसर्च प्रोग्रॅम असतो. जीएमआरटी चालवणारी एनसीआरए ही संस्था त्याचाच भाग आहे आणि ती पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच आहे. त्यांच्या वेबसाइटवर अर्जाच्या तारखा बघत जा.

वीस ओळी लिहून झाल्या की मला पाठवा. चांगले प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, भेटू.