कानापुढचा सांधा

आजचा विषय रेडिओवरून दाखवता येणार नाही, पण तुमचा तुम्हाला चाचपता येईल. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकांच्या अगदी पुढे ठेवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटाखाली एक हाड आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे सरकतं. तो जबड्याचा सांधा. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एक कुरकुरायला लागला की दुसऱ्यावर भार पडतो.

गुडघेदुखीवर तासभर बोलणारी माणसं या सांध्याचं नावही घेत नाहीत. तो दुखला की आधी कानाचा डॉक्टर गाठतात, आणि त्यात त्यांचं काही चुकतंही नाही, कारण सांधा कानाला खेटूनच आहे. १९३४ साली ज्यांनी या तक्रारी एकत्र मांडल्या ते अमेरिकेतले डॉक्टर जेम्स कॉस्टन कान-नाक-घशाचेच डॉक्टर होते. दाढा पडल्या की सांधा दबतो, असं त्यांचं म्हणणं. ते कारण पुढे टिकलं नाही, पण वैद्यकाचं लक्ष तिकडे गेलं ते गेलंच.

खरं तर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी याची नोंद आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात हनुस्रंस नावाचा विकार आहे. तोंड उघडंच राहतं किंवा मिटलेलंच राहतं, चावणं-बोलणं कठीण होतं. कारणं काय दिली आहेत? जीभ फार खरवडणं, कोरडं-शुष्क खाणं आणि मार लागणं. कोपलेल्या वाताचं स्पष्टीकरण बाजूला ठेवलं, तरी सांध्यावर येणारा ताण त्या वैद्यांनी नेमका हेरला होता असं मला वाटतं.

आता आत काय आहे ते सांगते. खालच्या जबड्याचं टोक आणि वरची कवटीची खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. डोक्यावर हंडा ठेवताना खाली चुंबळ ठेवतात ना, तशीच ती: मधे पातळ, कडेला जाड. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. चकतीच्या मधल्या भागाला आणि या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. त्यांचं पोषण होतं सांध्यातल्या बुळबुळीत द्रवावर. सांधा हलला, दाब आला आणि सुटला, की तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे चावणं हा कूर्चेचा शत्रू नाहीच. घास चावला, दाब सुटला, पुन्हा चावला, हे तिला मानवतं. मानवत नाही तो न सुटणारा दाब. दाताला दात घट्ट दाबून धरले की द्रव पिळून निघतो, परत यायला सवड मिळत नाही, आतला प्राणवायू कमी पडतो. मग पकड सैल झाली की तो एकदम परत येतो आणि त्या उलथापालथीत असे रेणू तयार होतात जे वंगणाचाच फडशा पाडतात, असं जेरुसलेमच्या डॉक्टर डोरिट नित्झान यांनी मांडलं. वंगण गेलं की चकती चिकटते, ओढली जाते, जागेवरून घसरते. चकती पुढे सरकली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि कट्‌कन आवाज येतो.

नुसता आवाज येतो, दुखत काही नाही, अशांनी घाबरू नये. त्याला औषध लागत नाही. पण आवाज येता येता एक दिवस बंद झाला आणि तोंडही उघडेनासं झालं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नव्हे. चकती पुढे अडकून बसली आहे. आपल्या हाताची तीन बोटं उभी रचून समोरच्या दातांमध्ये जातात का ते बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडायला हवं. दातांची डॉक्टर म्हणून माझ्याकडे येणारी मंडळी मिलिमीटर सांगत नाहीत. ‘मॅडम, पाणीपुरी तोंडात जात नाही’ म्हणतात. तेवढ्यावरून मला कळतं.

दिवसभरात चावताना आणि गिळताना मिळून दाताला दात लागण्याचा वेळ सगळा धरून २० मिनिटांच्या आसपास असतो, असा जुना अंदाज आहे. बाकी वेळ ओठ मिटलेले आणि दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, हीच जबड्याची स्वाभाविक बैठक. आणि आपण काय करतो? कळंबोली सर्कलला गाडी अडकली की दातओठ खात बसतो. पनवेलहून सीएसएमटीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की हनुवटी तळहातावर टेकवून एका कुशीला डुलक्या काढतो. मोबाईलमध्ये मान घातली की दात कधी आवळले गेले तेही कळत नाही. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांचा जोर तर जागेपणीच्या जोरापेक्षा जास्त होऊ शकतो. सकाळी उठताना कानशिलं जड होतात ती त्यामुळे.

उपाय फुकटातला आहे. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच लावा आणि ‘न’ म्हणा. दात आपोआप सुटतात. स्वयंपाकघरात, गाडीच्या काचेवर, संगणकाच्या कडेला एक टिकली लावा. टिकली दिसली की दात सुटे आहेत का बघा. बाटलीचं झाकण दाताने उघडू नका, ऊस दाताने सोलू नका, अडकित्त्याचं काम दाढेला सांगू नका. जांभई आली की हनुवटीखाली मूठ ठेवा. दात-दाढेचं काम लांबलं तर डॉक्टरला हात वर करून थांबायला सांगा. आम्ही रागवत नाही.

अडकित्त्याच्या निमित्ताने सुपारीचा विषय निघालाच आहे तर. आपला रायगड हा श्रीवर्धनच्या सुपारीचा जिल्हा. सुपारी चघळत राहणं सांध्याला वाईट, पण तिचं दुसरं दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर आहे. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठर होते आणि तोंड उघडेनासं होतं. तिथे सांधा ठीक असतो, गाल आवळलेला असतो, आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; तरी असे गाल आम्हाला दिसतातच. तोंड कमी उघडतं आणि तिखट लागलं की आग होते, अशा माणसाने सांध्याच्या व्यायामात वेळ घालवू नये, लगेच दाखवावं.

सांधाच दुखत असेल तर आठ-दहा दिवस मऊ भात-वरण, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि दातांना विश्रांती, एवढ्यावर पुष्कळांचं भागतं. नाही भागलं तर रात्री लावायची कडक प्लास्टिकची पट्टी बनवून मिळते. पुढची पायरी म्हणजे दोन सुया घालून सांधा धुऊन काढणं. ही पद्धत नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. कामोठे आणि खारघर इथली दंत महाविद्यालयं पनवेल तालुक्यात आहेत, तिथे शस्त्रक्रिया विभागात दाखवता येतं. कोणी पहिल्याच भेटीत दाढा घासून ‘चावा बसवून देतो’ म्हणालं तर मात्र दुसरं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही.

झिजलेली कूर्चा जशीच्या तशी उगवून देणारी गोळी अजून निघालेली नाही. प्रयोगशाळेत उंदरांची तोंडं रोज ठरावीक वेळ बळेच उघडी ठेवून कूर्चेतल्या पेशी कशा मरतात ते पाहतात, त्यांना वाचवणारे रेणू शोधतात. ते चालू राहो. पण कृत्रिम चकतीचा अनुभव विसरू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनचा थर दिलेल्या चकत्या रुग्णांच्या जबड्यात बसवल्या. चावण्याच्या दाबाखाली त्यांचे कण सुटले, त्या कणांशी लढता लढता शरीराने आजूबाजूचं हाडच पोखरलं, आणि १९९० - ९१ मध्ये सरकारला त्या मागे घ्यायला लावावं लागलं.

शेवटी लहान मुलांबद्दल, आणि हे आयांनी नीट ऐकावं. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटी फाटते, दवाखान्यात दोन टाके पडतात आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण तो मार हाडातून थेट कानापुढे पोचलेला असतो. तिथे हाड मोडलं किंवा रक्त साकळलं आणि मूल दुखतं म्हणून तोंड हलवेना, तर सांधा हळूहळू हाडाने जुळून जातो. जबड्याची वाढही तिथून होते, म्हणून हनुवटी मागे राहते, चेहरा वाकडा होतो. भारतात असे जुळलेले सांधे सोडवण्याच्या शस्त्रक्रिया आजही कराव्या लागतात. तेव्हा टाके घालतानाच विचारा: ‘डॉक्टर, कानापुढचा सांधा बघितलात का?’ एक्स-रे काढून घ्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की मुलाला रोज तोंड उघडायला लावा, आणि टाके निघाल्यावरही काही महिने दर आठवड्याला त्याचीच तीन बोटं त्याच्या तोंडात घालायला सांगून बघत राहा. दोनच जायला लागली तर थांबू नका, लगेच दाखवा.