माप मुलाचे, शाळा त्याच्या मापाची



जून महिना जवळ आला की पालघर आणि बोईसरच्या बाजारपेठेत गणवेशाच्या कापडासाठी गर्दी होते. उंची, छाती, बाही यांचे माप घेतल्याशिवाय कोणतीही माता गणवेश शिवावयास टाकीत नाही. मात्र त्याच मुलाची शाळा ठरविताना माप घेतले जात नाही. शेजाऱ्याचा मुलगा जेथे जातो ती शाळा चांगली, जिची फी अधिक ती अधिक चांगली, अशा समजुतीने दहा वर्षांचा निर्णय एका संध्याकाळी होऊन जातो. गणवेश घट्ट झाला तर शिंप्याकडे परत देता येतो. हातची गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

मुलाच्या मापाची शाळा म्हणजे काय, याचा धडा याच जिल्ह्याने साऱ्या देशाला दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे कार्य केले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यात प्रारंभापासून सहभागी होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे पाहून त्या दोघींनी मुलांना वा आईबापांना दोष दिला नाही, कारण शोधले. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून शाळेला जोडूनच पाळणाघर व बालवाडी आली. मूल शाळेपर्यंत येत नाही, म्हणून बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली. मुलगा गुरे चारतो, म्हणून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा जन्मास आली. मुलाला कापून शाळेच्या मापाचे करण्याऐवजी त्यांनी शाळाच मुलाच्या मापाची केली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने या कार्याचा गौरव केला.

प्रत्येक कुटुंबाला नवी शाळा काढता येणार नाही. परंतु समोर असलेल्या शाळांतून योग्य ती निवडता येईल. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येथे स्थिरावली. आज जिल्हा परिषदेच्या शाळा, अनुदानित विद्यालये, इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा आणि आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा अशी विविधता या जिल्ह्यात आहे. अणुऊर्जा वसाहतीतील शाळा मुख्यत्वे तेथील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहेत. माहीम येथील जवाहर नवोदय विद्यालयात निवासासह शिक्षण मिळते. सहावीच्या त्या प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते आणि मूल पाचवीत असतानाच अर्ज करावा लागतो. ही गोष्ट वेळीच न कळल्याने किती हुशार मुलांची संधी हुकत असेल!

माहितीच्या अभावी गमावले जाते ते आणखीही आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. शासकीय वा अनुदानित शाळेत बदली घेताना जुन्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, एवढ्यावरून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसविण्याची व त्याची तयारी करून घेण्याची तरतूद आहे. कारखान्यातील कंत्राटी कामगार किंवा वीटभट्टीवर आलेले जोडपे यांच्या मुलांसाठी ही तरतूद म्हणजे बंद दाराची किल्लीच होय. विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या, हे ध्यानी ठेवून अर्ज करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ठराविक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा अधिकार आहे.

निवड करताना पालकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. घरी कोणती भाषा बोलली जाते आणि अभ्यासाला सोबत कोण बसणार? केवळ पहिल्या वर्षाची नव्हे, तर दहावीपर्यंतची फी व बसभाडे झेपेल काय? वडिलांची नोकरी बदलीची आहे काय? मूल फळ्यावरचे नीट वाचते काय, हाक ऐकते काय? अनेकदा ‘ढ’ ठरविलेल्या मुलाला शाळा बदलण्याची नव्हे, चष्म्याची गरज असते. एकाच घरातील दोन भावंडांना एकच शाळा मानवेल, असेही नाही. थोरल्याला जे साधले ते धाकट्यावर लादू नये. आणि मुलीसाठी स्वस्त, मुलासाठी महाग असा भेद तर मुळीच नसावा.

गेली पन्नास वर्षे समाजाने वह्या, पुस्तके व शिष्यवृत्त्या सढळ हाताने दिल्या. ते पुण्यकर्म चालू राहावेच. परंतु चुकीच्या वर्गात कोमेजणाऱ्या मुलाला दिलेली वही कोरीच राहते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याला एक जोड द्यावी. जानेवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी दोन तास एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा जाणत्या भगिनीने कार्यालयात बसावे. येणारा कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा हे न विचारता त्याच्या मुलाविषयी विचारावे, ऐकावे आणि अर्ज भरून द्यावा. याला इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या आणि मुलाकडे पाहण्याची कोसबाडची दृष्टी एवढे पुरेसे आहे.

जय जिनेंद्र.