गाजर गवत, कष्टकऱ्यांची त्वचा आणि आपले कर्तव्य

(कात्रज येथे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



पावसाळा सुरू झाला की कात्रज परिसरात रस्त्याच्या कडेला आणि मोकळ्या भूखंडांवर गाजर गवत माजते. मूळ अमेरिका खंडातील या तणाची १९५६ साली पुण्यातून नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते उपटण्याचे काम मात्र सफाई कामगार, माळी आणि शेतमजूर यांच्याच वाट्याला येते. म्हणजे आपल्याच माणसांच्या!

बिब्बा अंगावर उततो हे आपण जाणतो. गाजर गवताचा त्रास त्याहून फसवा आहे. त्याच्या पानांवरील लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताच्या धुळीबरोबर ते पापण्या, मान आणि कोपराच्या घडीत बसते. महिनोन्‌महिने काहीच होत नाही. पण एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की थोड्या स्पर्शानेही खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते.

अशा माणसाला घरात वेगळे ताट दिले जाते, कामावर शेजारी कोणी बसत नाही. बंधुभगिनींनो, हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही! शिवाशिवीचे चटके सोसलेल्या समाजाने आजारी माणसाची शिवाशिव पाळावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. हा देवीचा कोप नाही आणि मागील जन्माचे पापही नाही. दुःखाला कारण असते व ते कारण दूर करता येते, हीच तथागतांची शिकवण आहे.

मग उपाय काय? गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, तोंडाला फडके बांधावे. गवत जाळू नये. धुरानेही त्रास वाढतो. काम संपताच साबणाने अंग धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. दुकानातून मलम आणून मनाने लावू नये. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून वावड्याचे नेमके कारण शोधतात. त्यांचे पत्र घेऊन काम बदलून मागावे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या हिताचे कायदे घडवले. हातमोजे मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे. विद्यार्थ्यांनी हे वस्तीवस्तीत समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!